अरुंद जागेतील हिरवा आडोसा

आमच्या परभणी जिल्ह्यातील गावठाणांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत जो पालट झाला आहे, तो कोणाही जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेतून सुटण्यासारखा नाही. जेथे एका वाड्यात एक मोठे कुटुंब नांदत होते, तेथे आज चार भावांची चार घरे उभी आहेत. पूर्वी वाड्यामागे ऐसपैस परस असे. त्यात विहीर, न्हाणी, गोठा, वैरणीची गंज व भाजीचे वाफे सुखाने सामावत. वाटणीत त्या परसाच्या पट्ट्या झाल्या, कोणी घर पुढे ओढले, कोणी गच्ची चढविली, आणि आता दोन घरांच्या दरम्यान दोन-तीन हातांची बोळवजा पट्टी तेवढी शिल्लक राहिली आहे. परंतु परसातील कामे काही कमी झाली नाहीत. घरातील स्त्रियांचे निम्मे काम अद्यापि तेथेच चालते. धुणे, भांडी, धान्य वाळविणे, लेकराबाळांचे न्हाणे, उन्हाळ्याच्या रात्री अंगणात निजणे, हे सर्व शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत करणे कोणासही रुचत नाही. म्हणून आडोसा कशाचा करावा, ही विचारणा शेतकरी बंधूंकडून वरचेवर होत असते. तिचा सांगोपांग विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पक्की भिंत बांधावी, असे प्रथम सुचते. परंतु आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला हातभर खोल भेगा पडतात. अशा जमिनीत उथळ पायाची भिंत दोन-चार वर्षांत तडकते, आणि खोल पाया घ्यावा तर भिंतीचा खर्च घराच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. शिवाय मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर असता अरुंद बोळातील भिंत दिवसभर तापून रात्रभर उष्णता ओकत राहते. तारेचे कुंपण जनावर अडवील, पण नजर अडवीत नाही. पत्रे लावले तर वाऱ्याने खडखडतात. झाड मात्र वारा गाळून आत सोडते, धूळ धरते, सावली देते, आणि योग्य निवडले तर दरवर्षी काहीतरी पदरातही टाकते. प्रश्न इतकाच की, ज्या ठिकाणी रुंदी दोन फूट, त्या ठिकाणी सहा फूट पसरणारे झाड लाविले तर आडोसा न होता अडचण होते.

मागील दोन दाखले

जिवंत कुंपणाची विद्या आपल्या देशास नवी नाही. इंग्रजी अमलात मिठावरील जकात चुकू नये म्हणून सिंधू नदीपासून बऱ्हाणपुरापर्यंत व तेथून पूर्वेस ओरिसाकडे एक जकातरेषा आखलेली होती, व तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडांची वई वाढविलेली होती. पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला, ते ह्यूमसाहेब १८६७ पासून काही वर्षे ह्या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी सर्वत्र एकच झाड लावण्याचा हट्ट धरिला नाही. जमीन व पर्जन्य पाहून कोठे बोर, कोठे बाभूळ, कोठे करवंद, कोठे निवडुंग, तर कोठे थोर, अशी योजना केली. १८७९ साली ती रेषाच रद्द झाली व वई नाहीशी झाली. तिच्यापासून घेण्याचा धडा असा की, जमीन पाहून झाड निवडावे. मात्र तिचे अनुकरण गावठाणात करण्यासारखे नाही, कारण तिची उत्तम भरलेली वई १० ते १४ फूट उंच असे, पण जाडीही ६ ते १२ फूट असे. तेवढ्या जागेत आज आपल्या गावी एक खोली निघते.

दुसरा दाखला फड्या निवडुंगाचा. अमेरिकेतून आलेले हे झाड कुंपणास सोपे म्हणून देशभर लाविले गेले, आणि पाहता पाहता त्याने गायराने व पडीक जमिनी व्यापिल्या. अखेर १९२६ साली त्यावर जगणारा कोचिनील जातीचा कीटक लंकेतून दक्षिण हिंदुस्थानात आणून सोडला, तेव्हा त्याचा जोर मोडला; पण त्याबरोबर त्याची कुंपणेही गळून पडली. सहज वाढते एवढ्याच गुणावर झाड निवडले तर ते आपली हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, आणि सर्व वई एकाच जातीची असली तर एकाच रोगाने वा किडीने सर्व उघडी पडते. म्हणून लांब आडोसा असल्यास त्याचे दोन-तीन टप्पे करून निरनिराळी झाडे लावणे इष्ट होय.

लावण्यापूर्वीची मोजणी

रोपे आणण्यापूर्वी चार गोष्टी मोजून घ्याव्या: रुंदी, उंची, ऊन व पाणी.

रुंदी मोजताना बोळाची सगळी रुंदी झाडास देता येत नाही. माणसाने पाण्याची घागर घेऊन जाण्यास तीन फूट वाट तरी हवी, आणि झाड छाटण्यास मागील बाजूसही हात शिरला पाहिजे. ते वजा जाता जी रुंदी उरेल, तीच झाडाची रुंदी. ती पाच वर्षांनंतरच्या झाडाची समजावी, रोपाची नव्हे.

उंचीच्या बाबतीत पुष्कळांची समजूत अशी की, आडोसा हद्दीवरच हवा व जितका उंच तितका बरा. हे बरोबर नाही. एक उदाहरण घेऊ. शेजाऱ्याच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाची नजर जमिनीपासून १५ फूट उंच आहे व तो हद्दीपासून ५ फूट मागे उभा आहे. आपली न्हाणी हद्दीपासून १० फूट आत असून तेथे ५ फूट उंचीपर्यंत आडोसा पाहिजे. अशा वेळी हद्दीवर लाविलेले झाड जवळजवळ १२ फूट उंच असल्याशिवाय उपयोग नाही. परंतु तेच झाड न्हाणीपासून २ फूट अंतरावर लाविले तर साडेसहा फुटांत काम भागते. बारा फुटांचे झाड दोन फुटांच्या पट्टीत मावत नाही. साडेसहा फुटांचे सहज मावते. म्हणून जे झाकावयाचे त्याच्याजवळ झाडे आणावी, सबंध हद्द झाकण्याच्या भरीस पडू नये. गच्ची अगदी लगत असेल तर उभ्या आडोशाचा नाद सोडून डोक्यावर वेलीचा मांडव घालणे हाच खरा उपाय.

उन्हाची पाहणी एक दिवस बसून करावी. पूर्व-पश्चिम बोळात थंडीच्या दिवसांत ऊन तळापर्यंत पोचत नाही. दक्षिणोत्तर बोळात मध्याह्नी दोन-तीन तास मिळते. मेंदी व वाळा ह्यांस भरपूर ऊन लागते. अडुळसा व तगर अर्धी सावली सोसतात. हे न पाहता लावणी केल्यास वईचा उन्हातील भाग दाट व सावलीतील भाग विरळ होतो, आणि नेमकी जेथे लाज राखावयाची तेथेच भोक पडते.

पाण्याच्या बाबतीत सुकाळाचे वर्ष धरून हिशोब करू नये. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर सर्वांनी पाहिले. अशा वर्षी माणसांस व जनावरांस पाणी पुरत नसता आडोशास कोण घालणार? म्हणून मूळ धरल्यावर उन्हाळा निव्वळ न्हाणीच्या सांडपाण्यावर काढील, तेच झाड आपले.

रुंदीप्रमाणे निवड

एक फुटापेक्षा कमी जागा. येथे झाडाचा विचारच करू नये, वेल लावावा. बांबूचे वा लोखंडी नळाचे खांब रोवून त्यांस तार किंवा तुराट्यांची ताटी बांधावी व तीवर वेल चढवावा. ताटी पहिल्या दिवसापासून आडोसा देते आणि वेल तिला सावकाश हिरवी करतो. दोडका, घोसाळे, कारली, वाल हे वेल मृगात लाविले असता श्रावणापासून ताटी भरतात व भाजीही देतात. पण ते हंगामी आहेत. ज्या उन्हाळ्यात लोक अंगणात निजतात, त्याच वेळी ताटी उघडी पडते. म्हणून त्यांच्या जोडीस एक कायमचा वेल पाहिजे. गोकर्ण हलका, अरुंद व काटक असून द्विदल वर्गातील असल्यामुळे जमिनीसही हितकर आहे. मधुमालती जोमदार आहे, पण तिचा भार मोठा असतो. तुराट्यांवर ती टिकत नाही, तिला नळाचे खांब हवेत. जाई-जुईस पाणी नियमित लागते. बोगनवेल पाण्याविना तग धरतो, परंतु तो काटेरी असून वर्षातून तीनदा बांधला व छाटला नाही तर वाटेवर येतो.

एक ते दोन फूट जागा. येथे मेंदी, कोयनेल व वाळा ही तीन नावे आम्ही पुढे ठेवतो.

मेंदी आपल्याकडील जुनी, परिचित व विश्वासाची. काळ्या जमिनीत ती खोल मुळे सोडते, दुष्काळात पाने गाळील पण मरत नाही, आणि कात्री चालेल तितकी दाट होते. पाला विकतही जातो व घरी सणास उपयोगी पडतो. दीड फूट जाडी व पाच-सहा फूट उंची ह्या मापात ती वर्षानुवर्षे ठेवता येते. दोष इतकाच की, पूर्ण भरण्यास तीन वर्षे घेते व सावलीत विरळ होते.

कोयनेल, ज्यास काही ठिकाणी कडू मेंदी म्हणतात, मूळची समुद्रकाठची वनस्पती. खाऱ्या जमिनीत वाढण्याची तिला जन्मजात सवय असल्यामुळे साबणाचे पाणी व चोपणाकडे झुकलेली जमीन ती इतर झाडांपेक्षा पुष्कळ अधिक सोसते. पाला कडू असल्याने शेळ्या तोंड लावीत नाहीत. काडीपासून सहज लागते व मेंदीपेक्षा लवकर वाढते. परंतु ह्याच जोमामुळे तिला पावसाळ्यात दर महिन्यास कात्री लागते. छाटणी चुकविणाऱ्याने ती लावू नये.

वाळा हे गवत आहे, पण आडोशास त्याच्यासारखे अरुंद दुसरे काही नाही. ह्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, म्हणून शेजारच्या वाफ्याचे अन्न ती ओढीत नाहीत व पायासही त्रास देत नाहीत. पाती चार-पाच फूट उंच होतात. म्हैसुराकडील गुंडलुपेट भागातील शेतकरी बांधावर वाळ्याच्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले आहेत. मात्र ओळीसाठी लाविलेल्या वाळ्याची मुळे अत्तर वा पडद्यांसाठी खणण्याचा मोह धरू नये. मुळे काढली की ओळ गेली. वाळा बसलेल्या माणसास झाकतो, उभ्या माणसास पुरता नाही. म्हणून तो भांडी घासण्याच्या जागेस किंवा भाजीच्या वाफ्याच्या कडेस योग्य.

दोन ते तीन फूट जागा. सावलीच्या बाजूस अडुळसा लावावा. ह्यास गुरे-शेळ्या खात नाहीत, काडी रोविली की लागतो, पाने मोठी असल्याने थोड्या झाडांत आडोसा होतो, व खोकल्यावरील औषध दारात राहते. तगर सदा हिरवी, कात्री मानणारी, आणि देवपूजेस फुले देणारी. तिला पाणी मात्र थोडे अधिक लागते. गोठ्याकडील बाजूस निरगुडी चांगली. गुरे तिला शिवत नाहीत, आणि तिचा वाळलेला पाला धान्यात घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती दरवर्षी कमरेइतकी छाटून घेतल्यास आवरात राहते.

तीन फुटांहून अधिक जागा. करवंद येथे उत्तम. काट्यामुळे माणूस व जनावर दोन्ही थांबतात, मूळ धरल्यावर पाण्याची मागणी नाही, आणि उन्हाळ्यात फळ मिळते. पण हे शेताच्या व मळ्याच्या हद्दीस योग्य. मुले खेळतात त्या अंगणात काटेरी झाड नको. गिरिपुष्प बांधावर जरूर लावावे, कारण त्याचा पाला उत्कृष्ट हिरवळीचे खत आहे. परंतु माघ-फाल्गुनात फुलताना ते पाने गाळते, म्हणून घराच्या आडोशास ते अपुरे पडते.

बांबूविषयी अलीकडे फार विचारणा होते. वनकायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेल्यापासून तो लावणे व तोडणे सोपे झाले आहे. परंतु आपला मानवेल किंवा काटस बांबू बेटाने वाढतो व बेट दरवर्षी रुंदावते. दोन फुटांच्या पट्टीत तो भिंतीस ढुसण्या देऊ लागतो. बांबू लावणेच असेल तर बेटाने वाढणारी, बारीक काठ्यांची जात घ्यावी, रुंदी चार फूट असावी, आणि दरवर्षी पिकलेल्या काठ्या काढाव्या. ज्या जाती जमिनीखालून दूरवर कोंब फेकतात, त्या घराजवळ मुळीच आणू नयेत.

ज्यास लोक अशोक म्हणतात तो उंच सरळ आसुपालव (खरा सीतेचा अशोक नव्हे) दिसण्यास अरुंद असतो, पण तो अखेर वृक्ष आहे. तीस फुटांवर गेल्यावर खालच्या फांद्या विरळ होतात व जेथे नजर जाते तेथेच मोकळे पडते. दुसरे असे की, काळ्या जमिनीत मोठा वृक्ष पायाजवळील ओल शोषून घेतो, जमीन आकसते व भिंतीस तडे जातात. वृक्षाची उंची जितकी होणार, साधारण तितके अंतर घरापासून असावे, हा नियम ध्यानात धरिला तर अरुंद बोळात वृक्ष लावण्याची इच्छा आपोआप मावळते.

काय लावू नये

पांढरी-तांबडी कण्हेर व पिवळी बिट्टी ही दोन्ही झाडे उंच, सडसडीत, काटक व फुलणारी असल्याने आडोशास सर्वांच्या मनात भरतात. परंतु दोहोंच्या सर्वांगांत हृदयाची क्रिया बंद पाडणारे विष आहे. उभे झाड जनावर सहसा खात नाही. धोका छाटलेल्या फांद्यांचा असतो. सुकलेली पाने वैरणीत मिसळली की बैल हातचा जातो, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष जाते. गोठा व वैरणीची गंज ज्या परसात आहे, तेथे ही झाडे लावू नयेत.

बेशरम नावाची गुलाबी फुलांची इपोमिया फुकट मिळते व चिखलातही वाढते, म्हणून कालव्यांच्या व नाल्यांच्या काठी तिची कुंपणे दिसतात. ती शेळ्यांस विषारी असून पाण्याच्या वाटा बुजविते. घाणेरी इंग्रजांनी १९ व्या शतकाच्या आरंभी बागेचे झाड म्हणून ह्या देशात आणली. आज ती रानोमाळ झाली असून तिच्या पाल्याने गुरांचे यकृत बिघडते. वेडी बाभूळ व सुबाभूळ बियांनी पसरतात व आवरत नाहीत. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. छाटणी करणाऱ्यास हे ठाऊक असलेच पाहिजे. शहरांत कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड दाट हिरव्या पडद्यासाठी पुष्कळ लाविले गेले. त्याच्या मुळांचा गटारांस व जमिनीखालील तारांस होणारा उपद्रव आणि परागांपासून होणारा त्रास पाहून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. रोपवाटिकेत ते मिळते म्हणून घेऊ नये.

आडोसा व शेजारचे पीक

शेतकऱ्याच्या घराचा आडोसा शहरातील बंगल्याच्या आडोशाहून ह्या बाबतीत भिन्न आहे की, त्याच्या पलीकडे पीक उभे असते. कुंपणाचे झाड जर पिकाच्या किडीचे माहेर झाले तर आडोशाच्या सुखापेक्षा पिकाचे दुःख मोठे होते.

मोसंबीच्या बागायतदारांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या. कुंती किंवा कामिनी हे सुवासिक पांढऱ्या फुलांचे झुडूप आडोशास सुंदर दिसते. परंतु ते लिंबाच्याच कुळातील असून सायला किडीचे अत्यंत आवडते खाद्य आहे. हीच कीड मोसंबीच्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते, व त्या रोगावर अद्यापि खात्रीचा उपाय नाही. रोगट झाड काढून टाकावे लागते. कढीपत्त्यावरही ही कीड वाढते. बागेजवळ कुंतीची वई लावणे म्हणजे किडीस बारमाही धर्मशाळा बांधून देणे होय. तसेच ताटीवर गुळवेल चढविण्याची हौस बागेजवळ करू नये. फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल व वासनवेल ह्यांवर वाढतात, आणि पतंग रात्री येऊन पिकू लागलेल्या फळांस भोके पाडतो. फळे सडून गळतात. गुळवेल औषधी आहे खरा, पण तो बागेपासून दूरच्या निंबावर असू द्यावा.

कापसाच्या शेतालगत जास्वंदीची वई नको; पिठ्या ढेकूण तिच्यावर वाढून कापसावर उतरतो. आणि पऱ्हाट्यांचा कूड हा तर आपल्याकडील सर्वांत जुना व स्वस्त आडोसा. त्याविषयी मन घट्ट करून लिहावे लागते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे जे नुकसान केले, ते सर्वांच्या ध्यानात आहे. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत पडून राहते, व पुढील हंगामात तिचे पतंग तेथूनच निघतात. अशा पऱ्हाट्या जूनपर्यंत परसात उभ्या ठेवणे म्हणजे शत्रूस घरात वाढविणे. कुडास तुराट्या वापराव्या. पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करून खत करावे. ह्यात थोडी मजुरी जाईल, पण ती बोंडांत परत मिळेल.

लावणी व छाटणी

वैशाखात दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून महिनाभर उन्हात तापू द्यावा. मग वरची माती व कुजलेले शेणखत समभाग मिसळून भरावा, आणि भरताना चर जमिनीपासून चार बोटे उंच ठेवावा. काळ्या जमिनीत पाणी साचले की कोवळ्या मुळ्या गुदमरतात. मृगाचा पाऊस अंगात मुरल्यावर आर्द्रात लावणी करावी. मेंदी ९ इंचांवर, कोयनेल १ फुटावर, वाळा ६ इंचांवर, अडुळसा दीड फुटावर व तगर २ फुटांवर, अशी एकेरी ओळ असावी. ४० फूट आडोशास मेंदीची ५४ रोपे लागतात. नांग्या भरण्यास ६ अधिक घेऊन ६० आणावी. कोयनेलाच्या ४१ काड्या, तर वाळ्याचे ८१ ठोंब लागतील. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करावी. मेंदी व कोयनेल तर शेजाऱ्याच्या छाटणीतूनच मिळते.

ह्यापुढील सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, व तीच बहुधा पाळली जात नाही. रोप हातभर झाले की ते वीतभर ठेवून छाटावे. आडोसा लवकर व्हावा म्हणून लाविलेले रोप छाटताना जिवावर येते हे आम्ही जाणतो. परंतु शेंडा न मारल्यास रोप सरळ वर जाते, बुडाशी काड्याच राहतात, आणि पुढे कितीही छाटले तरी बूड भरत नाही. पहिल्या वर्षी दोनदा व दुसऱ्या वर्षी तीनदा शेंडा मारलेली वई तळापासून दाट होते. वई वर निमुळती व खाली रुंद ठेवावी. उलट ठेवल्यास वरची सावली खालच्या पानांवर पडून ती झडतात. पहिली दोन वर्षे तुराट्यांची ताटी हाच खरा आडोसा समजावा, व तिच्या आत झाडास धीराने वाढू द्यावे. दक्षिणेकडून ऊन येत असल्यास त्या बाजूस तुरीची एक ओळही पेरता येते. उशिरा पिकणारी तूर माघापर्यंत उभी राहून सावली व शेंगा दोन्ही देते.

पहिल्या उन्हाळ्यात दर चार फुटांवर एक मातीचा मडका तोंडापर्यंत पुरून आठवड्यातून दोनदा भरावा. पाणी झिरपून मुळांशी जाते, वाफेने उडत नाही. बुडाशी पालापाचोळा दाट साचू देऊ नये, कारण तेथे उंदीर येतात व उंदरांमागे साप येतो. तणाचे बारीक आच्छादन पुरे.

शेजारधर्म

शेवटी एक गोष्ट, जी झाडांची नसून माणसांची आहे. आडोशावरून जितके तंटे होतात, तितके बांधावरूनच होत असतील. वई हद्दीच्या रेषेवर न लावता आपल्या बाजूस निदान एक हात आत लावावी, म्हणजे पलीकडील बाजूची छाटणीही आपल्याच जमिनीत उभे राहून होते. हद्दीची निशाणी असलेला दगड खणताना हलवू नये; महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये तो अपराध आहे. मोठी झाडे तोडण्यावर १९६४ च्या कायद्याने आणि शहरांच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. आज हौसेने लाविलेला वृक्ष उद्या परवानगीवाचून काढता येत नाही, हेही झुडूप निवडण्यास एक कारण होय.

चर खणण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलवावे व आपण काय लावणार ते सांगावे. त्याच्या गोठ्यात शेळ्या असतील, त्याची मोसंबी असेल, त्याच्या चुलीस त्या बाजूचाच वारा लागत असेल. वाटणीनंतर शेजारी हा बहुधा चुलतभाऊच असतो. त्याला न विचारता उभी केलेली वई त्यास अपमान वाटते; विचारून लाविलेली वई दोन्ही घरांची लाज राखते, आणि तिची छाटणीही कधी कधी दोघे मिळून करतात. रोहिणी लागण्यास अवधी आहे तोवरच टेप घेऊन आपला बोळ मोजावा, ऊन पाहावे व शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. एवढे झाले की झाडाची निवड आपोआप होते.